दरीत पडलेलं ‘नाही’

माझं लग्न वाऱ्यानं जमवलं. असं मी कुणाला सांगायला लागलो की आमची विमल चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडते, “नाही वाऱ्यानं! तुळसाबाईनं!” या मुद्द्यावर आमचं दोघांचं आजवर एकमत झालेलं नाही, आणि आता या वयात ते व्हावं अशी माझी इच्छाही नाही. भांडायला घरात काहीतरी असावं लागतं.

तुळसाबाई कोण, हे सांगायचं तर आधी आमचं गाव कुठे आहे ते सांगायला हवं. मुकुटबनच्या बाजारातून डोंगराकडे निघालं की सागाचं रान लागतं. पुढे वाट बैलगाडीची राहत नाही. मग ती बैलाचीही राहत नाही. मग आमची बोरझरी येते, आणि बोरझरीच्या पुढे जमीन एकदम संपते. खाली दरी, दरीच्या तळाला ओढा, आणि पलीकडच्या कड्यावर मांडवदरा हे गाव. इतकं समोर, की तिथली बाई अंगणात ज्वारी पाखडायला बसली तर तिच्या लुगड्याचा रंग इथून सांगता येई. पण जायचं म्हटलं की सकाळी निघालेला माणूस उन्हं कलताना पोचे. उतरा, ओढा ओलांडा, चढा, आणि वाटेत अस्वल आडवं आलं तर त्याचं होईपर्यंत थांबा. पावसाळ्यात ओढा भरला की तेही बंद. सोयरिकी मात्र सगळ्या त्याच गावाशी. ही दोन गावं ज्यानं कुणी वसवली त्याला चालायचा अनुभव नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

छप्पन्न सालापर्यंत या अंतराचा आम्हा कुणब्यांना काही त्रास नव्हता, कारण चालायचं दुसऱ्यानं. कुणी मेलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, काहीही असो, सांगावा न्यायचा बळीरामनं. ते काम त्याला बापाकडून आलं होतं, बापाला आजाकडून. बदल्यात खळ्यावर मागे राहिलेलं धान्य आणि बारा महिने ‘अरे बळ्या’. त्या वर्षीच्या दसऱ्याला बळीराम आणि त्याची बायको तुळसाबाई वस्तीतल्या सगळ्यांबरोबर नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले, घरातले देव ओढ्यात सोडले, आणि दुसऱ्या दिवसापासून गावकीची कामं बंद. मेलेलं ढोर ज्याचं त्यानं ओढावं, सांगावा ज्याचा त्यानं न्यावा.

मग आमच्या गावाची जी तारांबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. आमचे बाबा, बबनराव, गावचे पाटील. ते स्वभावानं वाईट नव्हते, सवयीनं होते. त्यांनी माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाचा सांगावा आमच्या सालदाराबरोबर धाडला. सालदार ओढ्यापर्यंत गेला, मोहाच्या सावलीत झोपला, आणि उठून घरी आला. सांगितलं म्हणाला. मांडवदऱ्याचे पाहुणे लग्नाला आले नाहीत, आणि पाच पायल्यांचा भात तीन दिवस आम्हीच खात होतो.

पुढे दोनेक वर्षांनी तुळसाबाईंची बकरी हरवली. ही बकरी फार चंट होती. ती दरी उतरून, ओढा ओलांडून पलीकडे चढली. आमच्या कड्याच्या टोकाला एक काळा खडक आहे, त्यावर तुळसाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या बकरीचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. शिव्या बकरीला होत्या, पण उत्तर माणसाचं आलं.

“बकरी इकडं हायेऽऽ! माया पऱ्हाटीत हायेऽऽ!”

हा धावजी. मांडवदऱ्याला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला. त्याचा आवाज फाटक्या ढोलासारखा होता, पण पोचत होता.

म्हणजे इतक्या वर्षांत आवाज पलीकडे जातो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बळीरामचे पाय आयते होते, डोकं कोण चालवतो? तुळसाबाईंना हे तिथं खडकावर उभ्या उभ्याच कळलं. आधी त्या खूप हसल्या, आणि मग खाली बसून रडल्या, असं बळीराम सांगायचा.

ही बातमी गावात पसरली तशी सगळ्यांनी खडकावर जाऊन घसे ताणून पाहिले. बाबांनीही प्रयत्न केला. पलीकडच्यांनी बिबट्या आला असं समजून ढोरं गोठ्यात घेतली. शेवटी गाव गोळा होऊन तुळसाबाईंकडे गेलं. त्या म्हणाल्या, देईन हाक, पण माझ्या अटी आहेत. ज्याचं काम असेल त्यानं स्वतः खडकापर्यंत यायचं, गड्याला धाडायचं नाही. मला तुळसाबाई म्हणायचं. आणि बदल्यात काही द्यायचं नाही.

पहिल्या दोन अटी बाबांना कडू लागल्या, पण तिसरी त्यांना समजलीच नाही.

“अवं, पायलीभर जवारी घे की. फुकट कायले घसा फोडतं?”

“घेतलं का ते काम होते, पाटील,” तुळसाबाई म्हणाल्या. “काम झालं का रिवाज होते. अन् एकदा रिवाज झाला का मंग तुमी माया नातवालेबी बलावसान. आता मन असंन तं हाक देईन, नसंन तं घरी बसीन.”

बाबांनी पहिल्यांदा ‘तुळसाबाई’ हा शब्द उच्चारला तो कडू काढा घ्यावा तसा, डोळे मिटून, एका दमात. पण उच्चारला. गरज मोठी होती, आणि म्हणून आज मीही त्यांच्याबद्दल बोलताना ‘त्या’ असंच म्हणतो. सवय लागली ती लागली.

आता हाकेचं शास्त्र सांगतो. शब्द थोडे ठेवायचे, आणि एकेका शब्दानंतर थांबायचं. पण दरीला एक खोड होती. पहिला शब्द समोरच्या कड्याला आपटून परत येई, तोवर इकडून शेवटचा शब्द निघालेला असे, आणि दोघांची मध्येच टक्कर होई. त्यात बोलणाऱ्याचा दम संपत आलेला आणि खालून वारा. शेवटचा शब्द हमखास दरीत पडे.

हे आम्हाला कळायला बाबूसिंगला मरावं लागलं. बाबूसिंग आमच्या बाजूच्या तांड्याचा नाईक, आणि धावजी त्याचा साळा. एका सकाळी धावजीनं पलीकडून विचारलं, बाबूसिंग आहे का? तुळसाबाईंनी खरं तेच सांगितलं, “बाबूसिंगऽऽ! गेलाऽऽ! मुकुटबनलेऽऽ!” मुकुटबन दरीत पडलं. तिसऱ्या प्रहरी पलीकडचा सगळा तांडा छाती बडवत आमच्याकडे चढून आला. बायकांनी नाईकाच्या अंगणात बसून सूर धरला. दिवेलागणीला बाबूसिंग कांद्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाजारातून परत आला, इतकी माणसं रडताना पाहिली, आणि घरात कुणीतरी गेलं असं समजून गाठोडं खाली टाकून तोही रडायला बसला. बराच वेळ कुणाचं लक्ष गेलं नाही. मग त्यानंच शेजारच्याला हळूच विचारलं, “कोन गेलं बापा?”

एवढं होऊनही आम्ही शहाणे झालो नाही. त्याला माझं लग्न व्हावं लागलं.

एकसष्ट सालचा उन्हाळा. आम्ही मांडवदऱ्याला रामरावांची मुलगी पाहायला गेलो. हीच विमल. ती चहाची कपबशी घेऊन आली तेव्हा दारात तिला थोडं वाकावं लागलं, आणि बाबांचा चेहरा तिथंच पडला. दरी उतरताना ते म्हणाले, “पोट्टी लय उंच हाये. तुह्या बाजूले उभी केली तं तू तिचा लायना भाऊ दिसतं, गुनवंता.” ती उंच होतीच. पण कपबशी देताना ती जराशी हसली होती, आणि मला उंचीपेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं होतं. त्या काळी मुलाला कोण विचारतो? मुलीला विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खडकावर गेले. “तुळसाबाई, सांगा त्याइले. पोरगी पसंत नाही.”

तुळसाबाईंनी पदर खोचला, छाती भरून दम घेतला. “पोरगीऽऽ! पसंतऽऽ! नाहीऽऽ!”

मग धावजीचा आवाज आला, “बेस झालंऽऽ!” बाबांना ते जरा चमत्कारिक वाटलं. मुलगी नाकारल्यावर ‘बेस झालं’ असं कोण म्हणतं? पण ते म्हणाले, तांड्यावरचा माणूस आहे, सकाळीच मोहाची घेतली असेल.

चार दिवसांनी रामराव, त्यांचे भाऊबंद, बायकापोरं, साखरेच्या पुड्या, नारळ आणि खण असं सगळं लटांबर दरी चढून घामाघूम होऊन आमच्या अंगणात येऊन उभं राहिलं. माझी आई, मैनाबाई, हिला पाहुणे दिसले की पुढचं काही दिसत नसे. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, मग गुळाचा खडा दिला. बाबा शेतातून येईपर्यंत अर्धी सोयरीक होऊनही गेली होती.

बाबा तसेच तरातरा वस्तीत गेले, मी त्यांच्या मागे. तुळसाबाई गोवऱ्या थापत होत्या.

“काय सांगतलं व तू त्याइले?”

तुळसाबाईंनी मान वर केली नाही. “कोनाले इचारून राह्यले, पाटील?”

बाबांनी डोळे मिटले. “तुमाले. तुमालेच इचारून राह्यलो, तुळसाबाई.”

“मी बराबर नाही म्हनलं होतं. तुमी बाजूलेच उभे होते. तुमचं ‘नाही’ दऱ्यात पडलं. जा, उतरा, अन् उचलून आना.”

बाबा घरी आले. अजून वेळ होती. खरं काय ते सांगून टाकता आलं असतं. पण दरी चढून आलेल्या, दम लागलेल्या माणसांना तोंडावर नाही म्हणायला जी छाती लागते ती आमच्या घराण्यात नाही. म्हणून तर आम्ही नाही म्हणायला खडकावर जात होतो. रामरावांनी साखर पुढे केली आणि बाबांनी ती तोंडात टाकली. पुढे दोन वर्षांत विमल बाबांची इतकी लाडकी झाली की फळीवरचा डबा काढायला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. बाकीच्यांचा हात पुरतच नव्हता, हा भाग वेगळा.

त्या दिवसानंतर तुळसाबाईंनी नियमच केला. ‘नाही’ असेल तर ते आधी. बाकीचं दरीत पडलं तरी चालेल, ‘नाही’ पोचलं पाहिजे. खडकावरचा हा नियम हळूहळू गावात उतरला. आमच्याकडे आजही लोक ‘नाही जेवलो मी’, ‘नाही आहेत घरी ते’, असंच बोलतात. बाहेरून आलेली माणसं हसतात. हसोत. आमच्या गावात कुणाला वाक्याच्या शेवटी फसवता येत नाही.

विमल नांदायला आली आणि एक नवी गोष्ट सुरू झाली. तिची आई रोज सकाळी पलीकडच्या कड्यावर येई. धावजी तिची हाक देई, “विमलऽऽ! जेवली काऽऽ?” इकडून तुळसाबाई विमलच्या वतीनं ओरडत, “जेवलीऽऽ!” बस, एवढंच. यात सांगण्यासारखं काय होतं? पण विमल त्यासाठी हातातलं पीठ तसंच ठेवून धावत सुटे. पहिलं मूल झालं तेव्हा तुळसाबाईंनी बाळाला खडकावर नेऊन चिमटा काढला. बाळानं टाहो फोडला, आणि पलीकडची आजी ते ऐकून कड्यावरच नाचायला लागली. चिमट्याबद्दल विमल महिनाभर तुळसाबाईंशी भांडत होती, पण खडकावर जायची थांबली नाही. तुळसाबाई तिच्याकडे पाहत बसायच्या. आपल्याला कुणी असं ओरडून विचारावं, किंवा आपण कुणाला विचारावं, हे त्यांच्या मनात तेव्हापासूनच घर करून राहिलं असणार.

त्यांची एकुलती मुलगी नलू. चौथीपर्यंत आमच्याच शाळेत शिकली, मग मुकुटबनला मामाकडे, धर्मपालकडे, राहून सातवी पास झाली. अंगानं बारीक, आवाज तर इतका लहान की ही तुळसाबाईंची मुलगी यावर विश्वास बसू नये. पण जिद्द आईची. सहासष्ट साली उन्हाळ्यात धर्मपालमामा बातमी घेऊन आला की यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नलूचा नंबर लागला आहे, राहायची सोय वसतिगृहात आहे, महिनाभरात जायचं. नलू अंगणात गिरक्या घ्यायला लागली. बळीराम रडला. तुळसाबाई म्हणाल्या, बरं झालं, आणि पाण्याला गेल्या. घागर रिकामीच घेऊन परत आल्या.

त्याच आठवड्यात पलीकडून हाक आली.

“नलूऽऽ! भीमराजलेऽऽ! देता काऽऽ?”

भीमराज मांडवदऱ्याच्या वस्तीतला. स्वतःची जमीन, व्यसन नाही, बुद्धवंदना खड्या आवाजात म्हणणारा, आणि आईला लाकडं फोडू न देणारा. मी पुष्कळ शोधूनही त्याच्यात खोट सापडली नाही, आणि खरी अडचण तीच होती. खोट असती तर तुळसाबाई तिथल्या तिथंच नाही म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी ओरडून सांगितलं, “परवाऽऽ! सांगीनऽऽ!” आणि त्या घरी न जाता सरळ आमच्याकडे आल्या.

मी ओसरीवर दोर वळत बसलो होतो. त्या आत विमलजवळ जाऊन बसल्या.

“विमल, तुयी माय तुयाशी रोज बोलते.”

“तुमच्याच तोंडानं बोलते ना, तुळसाबाई.”

“तेच म्हनून राह्यली मी. नलू त्या कड्यावर नांदली तं मी रोज सकाळी उठून इचारीन, जेवली का माय. यवतमाळ कोन्या कड्यावर हाये, सांग मले. तठी कोन आयकन?”

“नलू काय म्हन्ते?”

“ते म्हन्ते, नाही सांग.”

“मंग?”

तुळसाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळू म्हणाल्या, “सांगीन ना. नाहीच सांगीन. पन सगळ्याच्या मांगून सांगीन. तुह्या येळेले सांगतलं होतं तसं. पुढं वाऱ्याची मर्जी. तुळसाबाई खोटं बोलली असं तं कोनी म्हननार नाही मले.”

माझे हात दोरावरच थांबले. आमची पंचाईत लक्षात घ्या. त्या मुलीचं शिक्षण, तिची हौस, सगळं एका शब्दाच्या जागेवर येऊन ठेपलं होतं. आणि हे चूक आहे असं आम्ही कोणत्या तोंडानं म्हणणार? आमचा अख्खा संसार वाऱ्याच्या मर्जीवर उभा होता, आणि बरा चालला होता. तुळसाबाई उठून गेल्या.

त्या गेल्यावर मी म्हणालो, “होईल चांगलंच. आपलं नाही का झालं?”

“आपलं झालं,” विमल म्हणाली. “पन मले कोनी इचारलं होतं काय, तू पसंत हाये का म्हनून?”

मी दोर खाली ठेवला. “मग, होतो का पसंत?”

“आता कायले इचारता,” ती म्हणाली आणि पिठाचे हात झटकत चुलीकडे वळली. त्या दिवशी भाकरी जरा करपली.

ठरल्या सकाळी अर्धं गाव खडकावर. हाक काय जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. नलूनं वस्तीभर सांगून ठेवलं होतं की माय आज माझं ‘नाही’ सांगणार आहे. ती आईच्या शेजारीच उभी होती. वारा चांगला सुटला होता. मी विमलकडे पाहिलं, विमलनं माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही खाली दरीत पाहिलं.

पलीकडे माणसं जमली होती. धावजीनं आवाज दिला, “तुळसाबाईऽऽ! काय सांगूऽऽ?”

तुळसाबाईंनी पदर खोचला. दम घेतला.

“पोरगीऽऽ!”

त्या नियम मोडत होत्या, हे लोकांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

“भीमराजलेऽऽ! द्यायचीऽऽ!”

आणि त्या थांबल्या. एकच शब्द राहिला होता. ‘पोरगी, पोरगी’ असं समोरच्या कड्यावरून परत येत होतं, वारा अंगावर येत होता. आता तो शब्द त्यांनी उच्चारला काय आणि न उच्चारला काय, सारखंच होतं. पलीकडे कुणीतरी डफावर थाप मारली. बायका ओरडू लागल्या.

तेवढ्यात नलूनं आईचा हात धरला. मला वाटलं, आता ही रडणार किंवा भांडणार. तिनं तसं काही केलं नाही. तिला वाटलं होतं, इतक्या लोकांसमोर माय घाबरली आणि विसरली. ती हळूच, आईची लाज राखावी तशी, म्हणाली, “माय, ‘नाही’ मांगं राह्यलं.”

तुळसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं. आपली आई आपल्याला फसवेल हे त्या मुलीच्या डोक्यातच नव्हतं. तुळसाबाईंनी तो हात सोडवून घेतला, पुढे होऊन अगदी खडकाच्या कडेला गेल्या. बळीराम घाबरून त्यांच्या लुगड्याचं टोक धरून उभा राहिला.

“नाहीऽऽ!”

असला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. खालच्या उतारावर चरणारी ढोरं माना वर करून उभी राहिली. डफ बंद पडला.

“नाहीऽऽ! नाहीऽऽ! पोरगी शिकाले चाललीऽऽ!”

तो सगळा डोंगर ‘नाही, नाही’ म्हणत राहिला. मग पलीकडून एक वेगळाच आवाज आला, धावजीचा नव्हे, तरुण आणि खडा.

“शिकूऽऽ...”

हा भीमराज. त्याचा पुढचा शब्द दरीत पडला. मग आमच्याकडे वाद सुरू झाला. कुणी म्हणे, ‘शिकू द्या’ म्हणाला. बाबा म्हणाले, “कशावरून? ‘शिकू नका देऊ’ असंन म्हनला!” तुळसाबाईंचा घसा बसला होता. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “‘नाही’ पयले आलं का? नाही आलं ना? मंग द्याच म्हनला तो. पोट्टं चांगलं हाये, पाटील. मलेच ठाव हाये किती चांगलं हाये ते.” आणि खडकावरून उतरून त्या सरळ घरी गेल्या. त्यानंतर आठवडाभर त्यांनी कुणाचीच हाक दिली नाही. घसा बसला आहे असं सांगत. घसा दोन दिवसांत सुटला होता, मी त्यांना बकरीवर ओरडताना ऐकलं.

नलू निघाली त्या सकाळी आम्ही सगळे वेशीपर्यंत गेलो. पुढे धर्मपालमामा तिची पेटी डोक्यावर घेऊन, मागे ती नवं पातळ सावरत. मुकुटबनची वाट उघड्या टेकडीला वळसा घालत जाते, त्यामुळे जाणारा माणूस बराच वेळ दिसतो. बळीराम हात हलवत होता. बाबा उगीच पाऊसपाण्याचं बोलत होते. नलू मान खाली घालून भराभर चालत होती. मागे पाहायचं नाही असं तिनं ठरवलं असावं, नाहीतर पातळाचीच भीती असावी. तुळसाबाई आमच्या पुढे दोन पावलं उभ्या होत्या.

विमलला राहवेना. “तुळसाबाई, एक हाक तं द्या. वळून पाहीन ते.”

तुळसाबाईंनी मान हलवली.

“नाही देत,” त्या म्हणाल्या. “माया हाकेनं ते नुसतं वळून पाहून थांबनार नाही, विमल. ते वापस येईन.”

आणि नलू टेकडीआड होईपर्यंत त्यांनी पदराचा बोळा दातांत घट्ट धरून ठेवला.